गाळलेला रकाना

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई दर शनिवारी अंधांसाठी पेपरातल्या गावच्या बातम्या वाचून रेकॉर्ड करायच्या. निधनवार्तांचा रकाना मात्र बेधडक गाळायच्या. "बिचाऱ्यांना आणखी रडगाणं कशाला?" म्हणत त्या जागी एखादा विनोद खपवून द्यायच्या.

आज एका श्रोत्या आजोबांचा फोन आला. "बाई, तुमचे विनोद झकास असतात हं! माझ्या दोस्ताला सांगायचे होते. तो पोस्टमन हो, रोज हात धरून मला फिरायला न्यायचा. महिनाभर फिरकला नाही, फोन उचलत नाही. मीही रुसलोय आता!"

महिन्यापूर्वी गाळलेल्या रकान्यातला पोस्टमनचा फोटो बाईंच्या डोळ्यांसमोर आला. "आजोबा, त्यांचं काही बरंवाईट..."



"छे हो! तसं असतं तर तुम्ही वाचलंच असतं की!"