चेटकीण नंबर दोन

'रविवारी अकराला भेटू या का? तुमच्याच शहरात येतेय. फार दिवस मनात आहे.'

चष्मेवालीने तो निरोप तीनदा वाचला आणि गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. दुकानात दहा वर्षं काढली, पण अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती.

निरोप मुळात तिला नव्हताच. तो 'तळघर'ला होता, आणि तळघर म्हणजे तिचे बाबा. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर ते दर शनिवारी त्या नावाने इंटरनेटवर भयपट, त्यांतलं संगीत आणि भुताखेतांची पुस्तकं यांच्यावर आपली मतं लिहायला लागले. मतं कसली, दणकेच. 'भुताचा चेहरा दाखवला की भूत मेलं.' 'दार उघडण्याआधी व्हायोलिन वाजवणाऱ्याला त्याच दारात चिरडा.' वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतही नेमाने उत्तर देणारी एकच, चेटकीण नंबर दोन. नंबर एक हे नाव आधीच कुणीतरी पटकावलं होतं म्हणे.

बाई बाबांच्याच वयाची, हृदयाने अधू. तिने एकदा लिहिलं होतं, 'डॉक्टरांनी भयपट बंद करायला सांगितलेत. धक्का सोसणार नाही म्हणतात. म्हणून आता रोज एक बघते.' बाबा त्यावर दिवसभर हसत होते. दोघं कधी भेटली नव्हती, पण शनिवार उजाडला की बाबांना अंघोळीची घाई व्हायची. आजारपणात तर ते तिच्या उत्तरांवरच तगून होते. कुरकुरायचे मात्र.

"बाईंची धार गेली बघ. पूर्वी कशा तुटून पडायच्या. आता माझं सगळंच पटतं त्यांना."

"वय झालं असेल, बाबा."

बाबांना जाऊन सात महिने झाले होते. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी चेटकिणीने विचारलं, 'आज काहीच नाही? बरे आहात ना?' चष्मेवाली खरं काय ते लिहायला बसली, आणि डॉक्टरांचं ते वाक्य आठवून तिचा हात थबकला. हे वाचून बाई तिकडे कोसळली तर? तिने बाबांच्या नावाने चार ओळी खरडल्या. तेव्हापासून ते खोटं तिच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

त्यात ती पहिल्या नंबरची भित्री. पाल दिसली तरी खोली बदलणारी. सिनेमे ती भर सकाळी, दात घासता घासता, बोटांच्या फटीतून बघायची, तेही आवाज पूर्ण बंद करून. मग संगीतावर लिहिणार काय, कपाळ? सात महिन्यांत त्यावर एक अक्षर नव्हतं. चेटकिणीने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बिचारीला कमी ऐकू येत असेल, असं चष्मेवालीने ठरवून टाकलं.

तिला स्वतःची लाज वाटायची. आणि बाबांसाठी धड रडताही आलं नव्हतं, कारण दर शनिवारी तीच त्यांना उठवून बसवत होती.

"जाणार आहेस?" आईने विचारलं.

"जायलाच हवं. किती दिवस फसवू त्यांना?"

"आणि बाई छातीला हात लावून तिथेच खाली बसली म्हणजे?"

"म्हणूनच समोर बसून सांगणार. हळूहळू."

"वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो," आई म्हणाली. मग कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचे हात थांबले. "पण एक सांग त्यांना. शनिवारी हे फार खुशीत असायचे म्हणावं. मला कधी तसं हसवता आलं नाही."

रविवारी चष्मेवाली अर्धा तास आधीच पोचली. बसस्थानकासमोरचं कॉफीचं दुकान होतं. तिने पंख्याखालचं टेबल धरलं, टेकायला हात असलेली खुर्ची ओढून घेतली, पाणी मागवून ठेवलं. कोपऱ्यावर दवाखाना आहे आणि तो रविवारी उघडा असतो, हेही विचारून आली होती. 'बाबांना बरेच दिवस बरं नव्हतं,' हे पहिलं वाक्य तिने इतक्यांदा घोकलं की त्याचा अर्थच लागेना.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तिशीतली एक बाई आत आली. सगळ्या टेबलांवरून नजर फिरवत ती हिच्यापाशी थांबली.

"तळघर?" तिने हळूच विचारलं.

"मी त्यांची मुलगी."

"हो का? मी चेटकिणीची सून." ती हसली, पण हसू काही टिकलं नाही.

चष्मेवालीच्या जिवात जीव आला. चला, सोबत घरचं माणूस आहे. ती उठलीच. "काकू कुठे राहिल्या? पायऱ्या आहेत, मी हात देते त्यांना."

सून दाराकडे बघत होती. "काका नाही आले?"

चष्मेवालीने एक खुर्ची तिच्यापुढे सरकवली. काकू पायऱ्या चढून येईपर्यंत फार तर दोन मिनिटं होती. "त्याबद्दलच बोलायचंय. काकूंच्या आधी तुमच्याशीच बोलते. बसा ना."

"नको, आधी माझं ऐका. काका यायच्या आत सांगून टाकते, नाहीतर माझा धीर सुटेल." सुनेने चष्मेवालीचा हात घट्ट धरला. "त्यांना जपून कसं सांगायचं ते तुम्हीच बघा. आमच्या सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली."