एका शब्दाएवढी जागा

जुन्या बातम्यांत ‘सुदैवाने’ हा शब्द कसकसा येतो, यावर मी प्रबंध लिहितेय. सुदैवाने आग पसरली नाही, सुदैवाने जीवितहानी टळली. ज्या दैनिकाचे अंक चाळते, तिथेच बाबा छपाईचे शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, जुळवायचे. हा शब्द रोजच लागायचा, म्हणून त्यांनी तो दोऱ्यानं बांधून तयारच ठेवलेला. त्यातला ‘स’ तुटका, छापलेल्या अंकात लांबूनही ओळखू येतो. आज, आई गेली त्या अपघाताची बातमी सापडली आणि मला बसवेना. तडक घर गाठलं. “बाबा, ‘बस उलटून महिला ठार.’ मग एका शब्दाएवढी कोरी जागा, मग ‘दोन वर्षांची मुलगी बचावली.’ माझ्याच वेळी तो शब्द गाळलात? मी वाचले हे दुर्दैव होतं?” बाबांनी कपाटातून दोऱ्यानं बांधलेले खिळे काढले. “छापवेना, पोरी. टाकवेनाही.” अंगठा फिरवून फिरवून सगळी अक्षरं पार गुळगुळीत झाली होती.