अर्धी वाटी भात

"माझा झुंजीचा कोंबडासुद्धा याहून जास्त खातो," ताट पुढे सरकवत बादोंग पुटपुटला. भट्टीवर काम करून त्याचा आवाज असा झाला होता की पुटपुटणंही चार टेबलांवर ऐकू जाई.

"मग जा, कोंबड्याच्या पंक्तीला बस," मानांग पुरिंग म्हणाली आणि त्याच्या ताटात अर्धी वाटी भात, उकडलेला मासा आणि शेवग्याच्या पाल्याचं कालवण वाढलं.

पुढे वाद घालायला कुणी गेलं नाही. मागे एका ड्रायव्हरने तिच्या अंगकाठीवरून विनोद केला होता, तर महिनाभर त्याला करपलेला भात मिळाला.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या त्या बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस कामगार होते आणि बावीस वर्षं त्यांची चूल मानांगकडे, म्हणजे त्यांच्या या थोरल्या ताईकडे, होती. जानेवारीत मालकीणबाईंनी, मॅडम सेलेस्तेंनी, फर्मान काढलं: जूनपर्यंत सगळ्यांनी वजन उतरवायचं. तळण बंद, गोड सरबतं बंद. दर शुक्रवारी मैद्याची पोती तोलायच्या काट्यावर एकेकाने चढायचं आणि मानांगने आकडा वहीत टिपायचा. शिवाय एक अट, रांधणारीनेही सगळ्यांबरोबर बसून, तेच आणि तेवढंच जेवायचं. तोवर ती सगळ्यांच्या मागाहून, उभ्याउभ्या, कढईच्या तळाशी राहिलेली डुकराच्या चरबीची खरवड भातात कालवून खात आली होती.

"आणि नाही उतरली वजनं तर?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. "तर मला स्वयंपाकघरासाठी दुसरं कुणीतरी बघावं लागेल, मानांग."

घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. जे काही तिचं होतं ते या चुलीपाशी.

तिने जीव ओतला. नारळाचं दूध सोडलं, साखर कडीकुलपात घातली. तरी वही भलतंच सांगत होती. पॅकिंगमधली नेनेत जानेवारीत चोपन्न होती, मे उजाडेपर्यंत छप्पन. बादोंग अठ्ठ्याऐंशीचा नव्वद झाला.

"काटा बिघडलाय," मानांग म्हणाली.

"काटा ठीक आहे," नेनेत नखं बघत म्हणाली. "आमची हाडंच जड असतील."

मॅडमचंही काही कळेना. वही बघायच्या, मान हलवायच्या, रागवायच्या मात्र नाहीत. शुक्रवारी चारला गाणी लावून व्यायामाचा नाच असे, तोही त्यांनी खुर्चीत बसून करायला लावला होता. म्हणे फरशी निसरडी आहे. बावीस वर्षं कुणी घसरलं नव्हतं. बादोंगसारखा धटिंगण खुर्चीत बसून हात नाचवताना बघून मानांगला हसू आवरत नसे. एका परीने बरंच झालं होतं, डिसेंबरपासून तिचा गुडघा धरला होता. त्याबद्दल डॉक्टरने काय लिहिलं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कागद रजेच्या अर्जाला टाचून ऑफिसात दिला, आणि विचारणाऱ्याला म्हणाली, "तेल चोळायला सांगितलंय, दुसरं काय."

नव्या ॲप्रनांची आणखी एक कटकट. "शिंप्याने माप भलतंच मोठं घेतलंय," तिने मॅडमना सांगितलं. "बंद दोनदा गुंडाळावे लागतात. परत पाठवू?"

"असू दे, मानांग," म्हणून मॅडम घाईने निघून गेल्या.

शेवटच्या शुक्रवारी वजनं घेण्याआधी खुंटीवरचं बादोंगचं जाकीट खाली पडलं. उचलताना खिशातून तेलकट कागद निघाला. आत साखरेत घोळवून तळलेल्या केळ्याची गुंडाळी, अर्धी खाल्लेली.

तिने ती सगळ्यांसमोर धरली. "आणखी कोण?"

"सगळेच," नेनेत हळूच म्हणाली. "गेटाबाहेर केळी तळणाऱ्या म्हातारीची गाडी असते. सोमवारी तर रांग लावावी लागते."

मानांगने एकेका तोंडाकडे पाहिलं. शरमेने मान खाली घालावी तर तसंही कुणी करत नव्हतं. सगळे तिच्याकडेच बघत होते, कशाची तरी वाट बघितल्यासारखे.

"मला घालवायचं होतं तर तोंडावर सांगायचं," ती म्हणाली. तिने कमरेची किल्ली काढली आणि दारात उभ्या असलेल्या मॅडमपुढे धरली. "एकही माणूस उतरला नाही, मॅडम. घ्या."

मॅडमनी किल्लीला हात लावला नाही. "वहीत एक नाव राहिलंय. चढा काट्यावर."

"मी? मी तर रांधणारी."

"चढा, मानांग."

चपला काढून ती चढली. काटा थरथरला आणि ब्याऐंशीवर थांबला. मॅडमनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला, त्यावर नजर टाकली आणि पुन्हा काट्याकडे पाहिलं. त्यांनी बादोंगकडे पाहिलं. बादोंगने नेनेतकडे पाहिलं. नेनेतने छताकडे.

"आता बोलतोच," बादोंग म्हणाला. "मग हवा तर जन्मभर करपलेला भात घाल. बारीक तुला व्हायचं होतं, मानांग. चौऱ्याण्णवमधले बारा किलो उतरल्याशिवाय गुडघ्याच्या ऑपरेशनला हात लावत नाही म्हणाला होता ना तुझा डॉक्टर?"