नवसाची होडी

पेटीचं झाकण चुलीत सारायला रुदेसिंदो वाकला, तेवढ्यात दार ढकलून त्याचा पोरगा आरिएल आत आला. म्हाताऱ्याचा उजवा हात आधीच थरथरता. झाकण निसटलं आणि नेमकं पोराच्या पायापाशी जाऊन पडलं. त्यावर शिडाच्या होडीचं रंगीत चित्र होतं.

"हे काय, बाबा?" आरिएलने टेबलाकडे बघितलं. "कापून आलेल्या फळ्या? वर आकडे छापलेत! चिकटवल्या की झाली होडी?"

"हळू बोल. तुझी आई ऐकेल."

रुदेसिंदोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिली देशातल्या चिलोएच्या आमच्या या बेटावर ज्याने जन्मभर खऱ्या होड्या बांधल्या, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेसाठी, वाकडं खोड हवं म्हणून जो पावसात रान पालथं घालायचा, तो माणूस आता टपालाने आलेला खेळ जुळवत बसला होता. बरं, खेळ असता तर एकवेळ चाललं असतं. पण ही नवसाची होडी होती.

मागल्या हिवाळ्यात आरिएल बटाटे घेऊन पलीकडच्या बंदराला गेला होता. होडी होती 'पोर्फियादा', बापाने बांधलेली शेवटची. मागोमाग आखातात वादळ उठलं. ना होडी परत आली, ना पोराचा पत्ता. आई ओतिलियाने अन्न सोडलं. तेव्हा रुदेसिंदो चर्चमधल्या नाझारेनोसमोर, क्रूस वाहणाऱ्या येशूच्या मूर्तीसमोर, गुडघे टेकून नवस बोलला: माझा पोरगा जिवंत येऊ दे, तीच होडी लहान करून, माझ्या हातांनी घडवून तुझ्या छताला टांगीन.

आणि पोरगा आला की! फेरीबोटीतून उतरला, अंगावर ओरखडा नाही. होडी बुडाली, कोळ्यांनी मला उचललं, म्हणाला. आईने त्याला असं कवटाळलं, की पुढचं विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

नवस फेडायचा राहिला, आणि मध्येच रुदेसिंदोला झटका आला. उजवा हात कामातून गेला. तरी लाकडाचा ठोकळा घेऊन बसला, तर पटाशी लाकडात जायची ती बोटात गेली. शेवटी त्याने कुणाला न सांगता पेटी मागवली.

"मी नाही सांगणार कुणाला," आरिएल म्हणाला. "पण बाबा, नाझारेनोच्या सणाच्या दिवशी नका ना नेऊ. लांबलांबच्या बेटांवरून माणसं येतात. मागाहून गुपचूप टांगू."

"नवस सणालाच फेडायचा असतो."

"मग निदान 'पोर्फियादा' हे नाव तरी घालू नका वर."

पोराला आपली लाज वाटते, बापाने ओळखलं. वाटणारच, त्याने मनाशी म्हटलं, आणि मान खाली घातली.

काम चालू राहिलं. पातळ फळ्या गरम पाण्यात भिजवायच्या, फासळ्यांवर वाकवायच्या, सुकेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी दाबून ठेवायच्या. "अहो, माझे चिमटे जातात तरी कुठे?" ओतिलिया दोरीपाशी उभी राहून ओरडायची. "वारा फार आहे," हा आतून सांगायचा.

शीड बसवायची वेळ आली तेव्हा त्याने पोराला विचारलं, "बुडताना शीड वर होतं, की उतरवलं होतंस?"

"आठवत नाही."

"कुठल्या अंगाला कलंडली?"

"बाबा, पुरे ना आता!"

म्हाताऱ्याने जीभ चावली. पोर मरणाच्या दारातून आलेलं, आणि मी त्याला हे काय विचारतोय!

सणाच्या सकाळी तो होडी उराशी धरून टेकडी चढला. चर्चच्या दारात बेलार्मिनो उभा होता. चर्चच्या चाव्या त्याच्याकडे, आणि गावाची चेष्टा करायचा मक्ताही त्याच्याकडेच.

"वा रे रुदे! हात चालत नाही म्हणतोस, आणि हे काम? आम्हाला बनवत होतास होय?"

माणसं जमली. कुणी शिडाला हात लावून बघतोय, कुणी नाव वाचतोय. एकेक कौतुक त्याला चाबकासारखं लागत होतं. त्याला पुढे सोसवेना.

"ही मी घडवलेली नाही," तो म्हणाला. "दुकानातल्या पेटीतली आहे. मी नुसती चिकटवली. देवाला फसवायला निघालो होतो."

मग ओतिलियाचा आवाज आला, "म्हणजे माझे चिमटे!"

हशा पिकला. बेलार्मिनोने डोळे पुसले. "अरे, तोंड असं पाडून आलास, मला वाटलं कुणाचा मुडदा पाडलास! त्याने तुझा पोरगा परत दिला, तो आता पेटी बघत बसणार आहे? कबूल केलंस ना? मिटलं. शिडी आणा रे!"

रुदेसिंदोला भरून आलं. कित्येक महिन्यांनी छातीवरचा धोंडा उतरला होता. "आरिएल," त्याने हाक मारली, "ये, शिडी धर."

आरिएल दरडीच्या कडेला उभा होता. खाली बाहेरगावच्या होड्या किनाऱ्याला लागत होत्या. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आलोच, बाबा," म्हणाला, आणि चर्चच्या मागच्या शेताकडे चालू लागला.

पायवाटेने झेंडे घेऊन पाहुणे वर आले. सर्वांत पुढे लोकरी टोपीतला एक आडदांड तांडेल होता. त्याने धावत जाऊन आरिएलला दंडाला धरून ओढत आणलं.

"लेका, ओळख दाखवायची सोडून पळतोस काय? आणि हे तुझे वडील ना?" त्याची नजर छोट्या होडीवर गेली. "अरे, हुबेहूब!" त्याने रुदेसिंदोचा थरथरता हात दोन्ही हातांत धरून घट्ट दाबला. "काका, काय होडी बांधलीत! तुमच्या पोराने मला विकली तेव्हापासून थेंबभर पाणी आत आलेलं नाही. खाली किनाऱ्यालाच लावली आहे. चला, दाखवतो."