पाचाच्या पुढचा

बाकी सगळं ठरलं होतं. डबा, पंखा, बोर्ड काउंटरवर मांडून ठेवलं होतं. राहिला होता तो प्रोसेसर.

आल्तीबाय काउंटरपाशी उभे होते. त्यांची सून बेगायिम एक पाऊल मागे, डोक्याला रुमाल बांधून. कॉम्प्युटर तिच्यासाठीच होता. ती पाच मुलींच्या संघात खेळत असे. गेल्या सामन्यात घरचा जुना कॉम्प्युटर ऐन चकमकीत अडकला आणि संघ हरला. पुन्हा तसं झालं तर दुसरी मुलगी बघू, असं मैत्रिणींनी तिला कळवलं होतं. हे कानावर आलं तेव्हा आल्तीबाय आपणहून म्हणाले होते, "चल बिश्केकला. मी घेऊन देतो."

"खेळणार कोण, अक्साकाल?" दुकानदार एर्मेकनं विचारलं. "त्यावर प्रोसेसर ठरवू."

आल्तीबाय सांगणारच होते, तेवढ्यात पलीकडच्या गिऱ्हाइकानं वळून पाहिलं. तोकमोकच्या शाळेत त्यांच्याबरोबर वीस-बावीस वर्षं शिकवलेले सोपूबेक. हातात प्रिंटरच्या शाईची डबी. दोघांनी हात मिळवले, घरादाराची चौकशी झाली.

"मुलासाठी घेतोय," आल्तीबाय दुकानदाराला म्हणाले.



"काय खेळतो मुलगा?" एर्मेकनं विचारलं.

आल्तीबायना खेळाचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी मागे पाहिलं.

"गोळीबाराचा खेळ," बेगायिम हळूच म्हणाली. "पाच विरुद्ध पाच."

"मग चार कोअरचा घ्या. स्वस्तात मस्त."

"चारचा नको. गर्दी झाली की चित्र अडकतं." ती जरा थांबली. "पाचाच्या पुढचा द्या."

"पाचाच्या पुढचा? आठचा म्हणता? तो महाग आहे, वहिनी."

"आठ नाही. त्याच्या अलीकडचा."

"सातचा कुठे बनतच नाही!"

"तीन दुणे जेवढे होतात तेवढा," बेगायिम म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

एर्मेक हसायला लागला. "वहिनी, प्रोसेसर घ्यायला आलात की कोडी घालायला?"

"अरे बैला, हसतोस काय?" सोपूबेक पुढे सरसावले. "यांचं नाव काय, विचार की! आल्तीबाय! सहाला आपण 'आल्ती'च म्हणतो ना? मग ती सहा म्हणणार कशी? सासऱ्याचं नाव घेईल होय, भर बाजारात?" मग ते आल्तीबायकडे वळले. "शाब्बास रे तुझ्या सुनेची. अशा आता कुठे राहिल्यात? माझ्या सुनेच्या फोनात मी 'म्हातारा' या नावानं आहे. डोळ्यांनी पाहिलंय."

दुकानातले दोघंतिघं हसले. एकानं छातीवर हात ठेवून आल्तीबायना मान लववली.

लग्न होऊन बेगायिम घरात आली तेव्हा आल्तीबायनीच तिला बजावलं होतं, की हे जुनं खूळ आहे, माझं नाव खुशाल घे. ते पुस्तकं वाचणारे गृहस्थ होते. पण आत्ता त्यांना बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. त्यांनी टोपी सारखी केली.

"तर सहाचा काढू?" एर्मेकनं विचारलं.

"पण काय रे," सोपूबेक डोळे मिचकावत म्हणाले, "तुझा मुलगा तिशीचा ना? आणि खेळतो? वर तू त्याला खेळणं घेऊन देतोस? शाळेत पोरांच्या हातातले पत्ते टराटरा फाडणारा तूच ना?"

पुन्हा हशा पिकला. आल्तीबायही हसले.

"छे, खेळतो कसला! उगीच म्हणायचं आपलं," ते म्हणाले. "कामाची कागदपत्रं असतात. पत्रबित्र लिहायची."

"मग सहाचा हवाय कशाला?" एर्मेकनं काढलेली सहाच्या प्रोसेसरची डबी परत मांडणीवर ठेवली. "पत्रं लिहायला चारचा डोक्यावरून पाणी."

आल्तीबायनी मागे पाहिलं नाही.

"हो," ते म्हणाले. "चारचाच बसव."

एर्मेकनं तो चौकोनी तुकडा बोर्डावर ठेवून खटका दाबला. वर वाटाण्याएवढं पांढरं मलम लावलं, पंखा बसवला, स्क्रू आवळले. बेगायिम त्याच्या हातांकडे बघत होती. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा तिनं, "वायर जरा बाजूला घ्या, पंख्याला लागेल," एवढंच सांगितलं.

"हुशार आहे हो," सोपूबेक म्हणाले. "नशीबवान आहे तुझा मुलगा."

खोकं तिनं उचललं. आल्तीबाय घेऊ लागले तर म्हणाली, "असू दे, अता. जिना उंच आहे."

ते पुढे, ती मागे, असे दोघं उतरू लागले. मधल्या वळणावर आल्तीबाय थांबले. तिथे एक बाई गरम सामसे विकत होती. तिनं विचारलं, किती देऊ? त्यांना ऐकू आलं नाही.

"परत जाऊ या," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "बदलून घेऊ. मी सांगतो त्याला, कोणासाठी आहे ते."

बेगायिमनं खोकं गुडघ्यावर टेकवलं. वर, जिन्याच्या तोंडाशी, सोपूबेकांचा हसण्याचा आवाज ऐकू येत होता.

"आत्ता नको, अता," ती म्हणाली. "सोपू-आके अजून तिथेच आहेत."

आल्तीबायना एकदम सुटल्यासारखं झालं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं असावं. कारण बेगायिमनं चटकन मान खाली घातली आणि रुमालाची गाठ उगीचच घट्ट करू लागली. तिचीच काहीतरी चोरी सापडल्यासारखी.