काटा चाळीसवर

थोरला मुलगा गुड्डू भरधाव गाडीच्या अपघातात गेला, तेव्हा भूमेश्वरीनं नवऱ्याला शपथ घातली होती, गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. ओमेश्वरनं ती पाळली. सालेकशाहून गोंदियाला जाताना मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी त्याचा काटा चाळीसवरच असायचा.

यंदा रस्त्याला खड्डे फार पडले, म्हणून त्यानं गाडीला मोठी चाकं बसवून घेतली.

आज मागच्या सीटवर बसलेली मुलगी दिव्या फोनवरचा नकाशा पाहत म्हणाली, "बाबा, काटा चाळीस दाखवते, पण गाडी पंचेचाळीसनं चालून राहिली."

ओमेश्वरनं गाडी कडेला घेतली. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं आणि काटा मात्र जुन्याच चाकाच्या हिशेबानं चालतो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्याचा चेहरा उतरला.

"तुयी शपथ मोडली मी," तो शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाला. "मले माहीतच नव्हतं."

"मले माहीत होतं," भूमेश्वरी म्हणाली. "चाकं बदलली त्याच दिवशी समजलं. झाडं लवकर मांगं जाऊन राहिली होती."

"मंग बोलली काऊन नाही?"



"त्या दिवशी तुमी गाडी चालवता चालवता गाणं गुणगुणून राहिले होते. गुड्डू गेल्यापासून पहिल्यांदाच."