पार्ट अजून आला नाही

निवृत्तीनंतर नानांनी भटकायला हौसेनं घेतलेली, आत राहायची सोय असलेली मोटरहोम वॉरंटीत दुरुस्तीला गेली, ती डीलरच्या आवारात ठाण मांडूनच बसली.

"पार्ट आला नाही म्हणजे? तो काय पायी येतोय?" नाना फोनवर सर्व्हिस मॅनेजरची बिनपाण्यानं हजामत करत होते. तावातावात ओतलेला चहा कपाऐवजी टेबलावर गेला. "एक नंबरचे लबाड!" म्हणत ते अंघोळीला गेले. बायको खाली मान घालून टेबल पुसत राहिली.

बाथरूमचं दार लागल्यावर तिनं हळूच तोच नंबर लावला.



"भाऊ, माझ्यामुळे आज पुन्हा बोलणी खाल्लीत... पण हे डोळ्यांच्या ऑपरेशनला तयार होईपर्यंत पार्ट आलाय म्हणून सांगू नका हं."